रक्त आपलं, आकडा कोणाचा?

वस्तीत सध्या मला एक प्रश्न सारखा विचारला जातो. "सिस्टर, म्हातारपणी विसर पडणार की नाही ते रक्त तपासून आधीच कळतं म्हणे. आईची तपासणी करून घेऊ का? किती पैसे पडतील?" विचारणाऱ्यांत सारसोळे गावठाणात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, दिवसाला चार घरची कामं करणाऱ्या ताई आहेत. नेरूळ स्टेशनबाहेरचे रिक्षावाले दादा आहेत. मोबाईलवर बातमी वाचून आलेली कॉलेजची मुलंही आहेत.

बातमी खरी आहे. १६ मे २०२५ रोजी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, अल्झायमरच्या निदानाला मदत करणाऱ्या पहिल्या रक्ततपासणीला परवानगी दिली. पण मेसेज एकाकडून दुसऱ्याकडे जाताना त्यातली एक महत्त्वाची ओळ गळून गेली. ही परवानगी फक्त ५५ वर्षांवरच्या आणि विसर पडण्याचा त्रास आधीच सुरू झालेल्या रुग्णांसाठी आहे. तीही या आजाराच्या तज्ज्ञांकडे आलेल्या रुग्णांसाठी, आणि बाकीच्या तपासण्यांच्या जोडीने.

माझं मत आधीच सांगते. धडधाकट माणसाने ही तपासणी पैसे मोजून करून घेऊ नये. मात्र तिच्यामागे जे संशोधन चाललं आहे त्याकडे आपण पाठ फिरवू नये. त्या संशोधनात आपल्यासारख्या वस्त्यांतल्या माणसांचं रक्त नसेल, तर उद्या रिपोर्टवर 'नॉर्मल' म्हणून जो आकडा छापला जाईल तो दुसऱ्यांच्या रक्तावरून काढलेला असेल. आणि रक्त द्यायचं तर काय विचारून, कोणत्या अटीवर द्यायचं, हे प्रत्येक घराला ठाऊक असलं पाहिजे.

'साठी बुद्धी नाठी' म्हणून सोडून देऊ नका

घरातलं म्हातारं माणूस एकच गोष्ट दहा वेळा विचारू लागलं, जेवून उठल्यावर 'मला कोणी जेवायला दिलं नाही' म्हणू लागलं, की आपण म्हणतो, साठी बुद्धी नाठी. कोणी म्हातारचळ म्हणतं. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेल्या घरातही अशा वेळी कोणीतरी हळूच 'बाहेरचं' बघायला घेऊन जातं, हेही मी पाहिलं आहे.

वय झालं की चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही. हे कोणालाही होतं. पण चष्मा कशासाठी असतो तेच कळेना, रोजच्या गल्लीतून आपलं घर सापडेना, चाळीस वर्षं चहा करणाऱ्या बाईला आधी पाणी ठेवायचं की पावडर टाकायची ते सुचेना, तर तो आजार आहे. त्याला स्मृतिभ्रंश म्हणतात, डॉक्टर डिमेन्शिया म्हणतात. अल्झायमर हा त्यातला सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार. हात थरथरणं, चाल मंदावणं हे ज्यात होतं तो कंपवात, म्हणजे पार्किन्सन, हाही मेंदूतल्या पेशी हळूहळू नष्ट होण्याचाच आजार आहे.

भारतात साठीच्या पुढच्या दर शंभर माणसांत सात जणांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. तो कुठून आला ते पुढे सांगते, कारण त्याचा धागा आपल्या शेजारच्या गोवंडीपर्यंत जातो.

अशा घरात काम कोणाचं सुटतं? सुनेचं, नाही तर मुलीचं. दहा बाय बाराच्या खोलीत रात्रभर जागणाऱ्या म्हाताऱ्या माणसाबरोबर सगळं घर जागतं. सासूला आत ठेवून, दाराला बाहेरून कडी लावून कामावर जाणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. त्यांना दोष देणं सोपं आहे. एक दिवस खाडा झाला तर पगार कापणाऱ्या मॅडमला कोणी काही म्हणत नाही.

रक्तात नेमकं शोधतात काय?

सीबीसी करताना जांभळ्या टोपणाची जी लहान नळी वापरतात, तशीच नळी इथेही लागते. फरक पुढच्या कामात आहे.

मेंदूतल्या पेशी आजारी पडल्या की त्यांच्यातली काही प्रथिनं थोडी थोडी रक्तात उतरतात. अमायलॉइड नावाचं प्रथिन अल्झायमरमध्ये मेंदूत साचून राहतं. ते तिथेच अडकतं, म्हणून त्याचा एक प्रकार रक्तात कमी दिसू लागतो. टाऊ नावाचं दुसरं प्रथिन पेशीच्या आतल्या रचनेला आधार देतं. ते बिघडलं की त्याचं एक खास रूप, पी-टाऊ २१७, रक्तात वाढतं. अल्झायमरसाठी सध्या सगळ्यात भरवशाची खूण हीच मानली जाते. तिसरी खूण न्यूरोफिलामेंट लाइट. पेशीपेशींना जोडणाऱ्या तंतूंचा हा सांगाडा. तंतू तुटले की त्याचे तुकडे रक्तात येतात. पण डोक्याला मार लागला, अर्धांगवायूचा झटका आला, तरीही ही खूण वाढते. घरात काहीतरी जळतंय एवढं ती सांगते, काय जळतंय ते सांगत नाही.

हे सगळं मोजायचं किती बारीक? एका ग्रॅमचे लाख कोटी भाग केले तर त्यातल्या एका भागाला पिकोग्रॅम म्हणतात. एक मिलीलिटर रक्तात या खुणा असतात त्या मोजक्या पिकोग्रॅम, काही वेळा एकाहूनही कमी. इतकं मोजणारी यंत्रं पूर्वी नव्हती. त्यामुळे पाठीच्या मणक्यात सुई घालून पाणी काढायचं किंवा महागडं पेट स्कॅन करायचं, एवढेच मार्ग होते. दोन्ही आपल्या माणसांपर्यंत कधी पोहोचलेच नाहीत. स्वीडनच्या गोथेनबर्ग विद्यापीठात ब्लेनो आणि झेटरबर्ग या संशोधकांच्या प्रयोगशाळेने रक्तातल्या खुणांच्या कामाला मोठी गती दिली.

अशा प्रयोगशाळांमध्ये रोजचं किचकट काम बहुतेक वेळा पीएच.डी. झालेले तरुण संशोधक करतात. त्यांना पोस्ट-डॉक म्हणतात. पदवी हातात असते, कायमची नोकरी नसते, दोन-तीन वर्षांच्या मानधनावर काम चालतं. उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजमधून नळ्या काढायच्या, यंत्रात लावायच्या, एकाच नळीचा आकडा दोनदा जुळतो का ते बघायचं, मग हजारो माणसांचे आकडे त्यांच्या आजाराशी ताडून पाहायचे. हे परदेशातच चालतं असं नाही. आपल्या पवईच्या आयआयटीत प्रा. समीर माजी यांची प्रयोगशाळा कंपवातात मेंदूत गोळा होणाऱ्या अल्फा-सिन्युक्लिन या प्रथिनावर काम करते. कंपवातासाठी मात्र रक्ताची इतकी भरवशाची तपासणी अजून हातात आलेली नाही. मणक्यातल्या पाण्यावरची तपासणी त्यापुढे गेली आहे. म्हणून 'एका थेंबात मेंदूचे सगळे आजार' अशी जाहिरात दिसली तर ती खोटी समजा.

पाटी-पेन्सिलची परीक्षा आणि आपली आजी

आता यात आपला संबंध कुठे येतो ते बघा.

स्मरणशक्ती तपासण्यासाठी जगभर वापरली जाणारी एक प्रश्नावली १९७५ मध्ये अमेरिकेत तयार झाली. तीस गुणांची. शंभरातून सात वजा करत जा. एक वाक्य लिहा. कागदावर लिहिलेलं वाचा आणि तसं करा. एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन बघून काढा. ज्या आजीला गावच्या शाळेत बसू दिलं नाही, जिने आधी गावात दुसऱ्याच्या शेतात आणि मग नवी मुंबई उभी राहताना खडीवर आयुष्य काढलं, तिने पंचकोन कुठून काढायचा? तिचे गुण कमीच येणार. मग एक तर ती आजारी नसताना आजारी ठरते. नाही तर 'अशिक्षित आहेत, असंच असणार' म्हणून तिचा खरा आजार कोणी बघतच नाही. वॉर्डात काम करताना मी दोन्ही प्रकार पाहिले.

यावर आपल्याच देशात उपाय निघाला. हरियाणातल्या बल्लभगड भागातल्या खेड्यांत १९९० च्या दशकात अभ्यास झाला, तेव्हा ही प्रश्नावली निरक्षर माणसांसाठी बदलून घेतली गेली. वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराबद्दल काहीतरी सांगा. वाचून डोळे मिटण्याऐवजी माझ्याकडे बघा आणि मी करते तसं करा. बदल लहान आहे, पण त्यामुळे अक्षरओळख नसलेल्या माणसाची स्मृती खरोखर तपासता येऊ लागली.

हीच बदललेली प्रश्नावली पुढे 'लासी' या मोठ्या अभ्यासाशी जोडलेल्या स्मृतिभ्रंशाच्या तपासणीत वापरली गेली. नेरूळहून हार्बर लाइनने खाडी ओलांडून गोवंडीला उतरलं की देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. या संस्थेने २०१७ पासून देशभरातल्या ४५ वर्षांवरच्या ७२ हजारांहून जास्त लोकांची पाहणी केली. त्यातल्या साठीच्या पुढच्या चार हजारांहून अधिक जणांची स्मृतिभ्रंशासाठी बारकाईने तपासणी झाली. दिल्लीचं एम्स आणि अमेरिकेतलं दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठ त्यात पुढे होतं. ८८ लाखांचा अंदाज तिथूनच आला. या अभ्यासात रक्तही घेतलं गेलं आणि मेंदूच्या या खुणा त्यात मोजल्या गेल्या. म्हणजे भारतीय माणसांच्या रक्तातले आकडे जमवायला सुरुवात झालेली आहे.

या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. स्मृतिभ्रंशाचं प्रमाण पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, शहरापेक्षा खेड्यात जास्त आणि शाळेत न गेलेल्यांत जास्त. शिक्षण न मिळणं हे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवतं, हे जगातल्या इतर अभ्यासांतही आढळलं आहे. आपल्या आजी-आजोबांना शाळा नाकारली गेली ती सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी. त्याचं व्याज आज त्यांच्या मेंदूतून वसूल होतंय.

म्हणून मला ही रक्ततपासणी महत्त्वाची वाटते. रक्त शाळेचा दाखला मागत नाही. सही आणि अंगठा असा फरक करत नाही. नीट तयार झाली आणि सरकारी दवाखान्यात मिळू लागली, तर या तपासणीचा सगळ्यात जास्त फायदा ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांनाच होईल.

पण हा 'नॉर्मल' कोणाचा?

प्रत्येक रिपोर्टवर तुमचा आकडा असतो आणि शेजारी नॉर्मल किती ते लिहिलेलं असतं. हा नॉर्मल आकाशातून पडत नाही. निरोगी आणि आजारी अशा बऱ्याच माणसांचं रक्त घेऊन तो ठरवतात. या तपासण्यांसाठी आजवर ज्यांचं रक्त घेतलं गेलं ते बहुतेक लोक युरोप-अमेरिकेतले, गोरे आणि शिकलेले आहेत. २०२४ मध्ये स्वीडनच्या एका अभ्यासाचं मोठं कौतुक झालं. १,२१३ रुग्ण होते. रक्ताच्या तपासणीने सुमारे ९१ टक्के वेळा बरोबर उत्तर दिलं. रक्ताचा निकाल न बघता साध्या दवाखान्यातल्या डॉक्टरांचा अंदाज ६१ टक्के आणि तज्ज्ञांचा ७३ टक्के वेळा बरोबर निघाला. आकडे उत्तम आहेत, पण ते स्वीडनचे आहेत.

अमेरिकेत २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कृष्णवर्णीय आणि गोऱ्या माणसांच्या जोड्या लावून या खुणा तपासल्या. अमायलॉइडची खूण दोघांमध्ये सारखीच चालली. पण टाऊच्या ज्या खुणा तेव्हा तपासल्या त्यांच्यावरून आणि न्यूरोफिलामेंटवरून कृष्णवर्णीय माणसांच्या बाबतीत अंदाज जास्त चुकला.

याचा अर्थ माणसामाणसाचं रक्त जन्माने वेगळं असतं, असा कोणी काढू नये. माणूस कसा जगतो, त्याला दुसरे कोणते आजार आहेत, याचा परिणाम रक्तावर होतो. मूत्रपिंड नीट काम करत नसेल तर या खुणा रक्तात वाढलेल्या दिसतात. वजन फार जास्त असेल तर कमी दिसतात. वर्षानुवर्षं साखर आणि बीपीच्या गोळ्या अर्धवट घेतल्याने मूत्रपिंड कमजोर झालेली माणसं आपल्या वस्तीत किती आहेत, ते डायलिसिसच्या रांगेत उभं राहून बघा. अशा माणसाचा वाढलेला आकडा मेंदूचा की मूत्रपिंडाचा, हे क्रिएटिनिन सोबत पाहिल्याशिवाय कोण सांगणार?

शिवाय रक्त काढल्यावर ते लवकर फिरवून, प्लाझ्मा वेगळा करून गोठवावा लागतो. नळी तशीच राहिली तर विशेषतः अमायलॉइडचा आकडा घसरतो. मे महिन्याच्या उन्हात कलेक्शन सेंटरवरून डबा मोटरसायकलने निघाला आणि सायन-पनवेल रस्त्यावर अडकला, तर स्वीडनमधली अचूकता तिथेच संपली.

पैसे भरण्याआधी हा हिशोब करा

समजा, कोणतीच तक्रार नसलेल्या एक हजार लोकांनी तपासणी केली. समजा, त्यातल्या ५० जणांना खरोखर आजार आहे. तपासणी शंभरातले नव्वद आजारी बरोबर पकडते आणि शंभरातल्या दहा निरोगी माणसांना चुकून आजारी ठरवते, असं धरू. मग खरे आजारी ४५ सापडतील. उरलेल्या ९५० निरोगी लोकांतले ९५ जण चुकून 'आजारी' ठरतील. एकूण १४० लोकांच्या हातात वाईट रिपोर्ट, आणि त्यातले ९५ जण ठणठणीत! त्यांच्या घरात पुढे काय होईल? आईला आता काही कळत नाही असं धरून खोलीच्या कागदावर तिचा अंगठा घेण्याची घाई सुरू होईल. हीच तपासणी त्रास सुरू झालेल्या माणसांत केली तर आजारी माणसं मुळातच जास्त असतात, म्हणून तिथे ती कामाची ठरते.

दुसरी गोष्ट उपचाराची. लेकॅनेमॅब नावाचं नवं औषध आलं आहे. ते आजार बरा करत नाही. १८ महिन्यांच्या चाचणीत त्याने घसरण २७ टक्क्यांनी मंदावली. सलाईनसारखं शिरेतून द्यावं लागतं, मेंदूत सूज येण्याचा किंवा रक्तस्राव होण्याचा धोका असतो, म्हणून पुन्हा पुन्हा एमआरआय करावा लागतो. हा खर्च आपल्यातल्या किती घरांना झेपेल ते सांगायला नर्स लागत नाही.

विसर पडायला लागला तर आधी साध्या तपासण्या करा. बी-१२ जीवनसत्त्व, थायरॉइड, साखर, बीपी, हिमोग्लोबिन. कानात मळ साचला आहे का, ऐकू कमी येतं का, मोतीबिंदू आहे का ते बघा. गेल्या महिन्या-दोन महिन्यांत डोक्यावर पडणं झालं होतं का आठवा. म्हाताऱ्या माणसात डोक्याच्या आत हळूहळू रक्त साचतं आणि घरचे त्याला विसराळूपणा समजतात. झोपेच्या गोळ्या, दारू, जोडीदार गेल्यानंतरचं खोल दुःख, यांनीही माणूस असाच गोंधळलेला दिसतो. यातली बरीच कारणं वेळेवर सापडली तर बरी होतात.

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये सांगितलं की स्मृतिभ्रंशाची सुमारे ४५ टक्के प्रकरणं टाळता किंवा पुढे ढकलता येऊ शकतात. त्यासाठी १४ कारणं दिली आहेत. शिक्षणाचा अभाव, ऐकू कमी येणं, दिसणं कमी होणं, बीपी, साखर, कोलेस्टेरॉल, लठ्ठपणा, तंबाखूचं धूम्रपान, दारू, बैठं आयुष्य, नैराश्य, डोक्याला इजा, एकटेपणा आणि हवेचं प्रदूषण. ही यादी हातात घेऊन आपल्या वस्तीतून एक फेरी मारा. ठाणे-बेलापूर रस्त्याकडचे कारखाने, डोंगराकडच्या खाणींची धूळ, हेल्मेटशिवाय उंचावर काम करणारे आपले भाऊ, बारा वर्षांच्या मुलीला शाळेतून काढून धाकट्याला सांभाळायला बसवणारं घर. चाळीस वर्षांनंतरचा स्मृतिभ्रंश इथे आजच तयार होतोय, आणि तो अडवायला कोणतीही महागडी नळी लागत नाही.

संशोधनाला रक्त द्यावं का?

माझं उत्तर हो आहे, पण डोळे उघडे ठेवून.

मुंबईच्या वस्त्यांचा अनुभव आपल्यासमोर आहे. टाटा मेमोरियलच्या संशोधकांनी १९९८ पासून मुंबईतल्या झोपडपट्ट्यांमधल्या सुमारे दीड लाख बायकांमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांत व्हिनेगर लावून करायची साधी तपासणी दर दोन वर्षांनी झाली. उरलेल्या वस्त्यांत आजाराची माहिती दिली, ती तपासणी केली नाही. २०१३ मध्ये निष्कर्ष जाहीर झाला. तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. लाखो गरीब बायकांचे जीव वाचवू शकणारं हे ज्ञान आपल्यासारख्या बायकांनी जगाला दिलं. पण दुसऱ्या निम्म्या बायकांना इतकी वर्षं तपासणीविना का ठेवलं, हा प्रश्नही तेव्हा उठला. देशात तेव्हा कोणालाच नियमित तपासणी मिळत नव्हती, असं संशोधकांचं उत्तर होतं. अभ्यास मोलाचा होता हे मी मानते. तो प्रश्नही मला रास्त वाटतो. अभ्यासाचे नियम ठरवणाऱ्या टेबलाभोवती वस्तीतली बाई बसलेली असती तर तो आधीच विचारला गेला असता.

आणखी एक उदाहरण. लासीशी जोडलेल्या त्याच अभ्यासातल्या २,७६२ जणांच्या जनुकांवरून भारतीयांचे पूर्वज कुठून कुठून आले यावर २०२५ मध्ये 'सेल' या नियतकालिकात शोधनिबंध आला. विषय मोठा आहे आणि आपल्यालाही त्यात रस आहे. पण यातून हे ध्यानात घ्या, की फ्रीजमध्ये ठेवलेल्या रक्ताला काही वर्षांनी वेगळेच प्रश्न विचारता येतात. त्या पुढच्या वापराला तुमची संमती आहे की नाही, हे रक्त देतानाच ठरतं.

आयसीएमआरने २०१७ मध्ये माणसांवरच्या संशोधनासाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वं दिली आहेत. संमतीचा कागद तुम्हाला समजणाऱ्या भाषेत हवा. वाचता येत नसेल तर संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार हजर हवा. कोणत्याही क्षणी माघार घेता येते आणि त्यामुळे तुमच्या उपचारात फरक पडता कामा नये. म्हणून कोणी रक्त मागायला आलं तर हे विचारा:

• अभ्यास कोणत्या संस्थेचा आहे? नैतिकता समितीची परवानगी आहे का आणि तक्रारीसाठी फोन नंबर कागदावर आहे का?
• किती रक्त घेणार आणि किती वेळा?
• उरलेलं रक्त किती वर्षं ठेवणार? दुसऱ्या अभ्यासासाठी किंवा जनुकांसाठी वापरणार का? त्याला मी वेगळा नकार देऊ शकते का?
• माझं नाव, जात, पत्ता रक्ताच्या नळीबरोबर जाणार की फक्त नंबर?
• निकाल मला सांगणार का? मला तो ऐकायचा नसेल तर?
• काही दोष सापडला तर पुढे मला कुठे पाठवणार आणि तो खर्च कोण करणार?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर टाळलं तर बाही खाली करा.

ज्यांना आजार झालेलाच आहे त्यांच्या वतीने घरचा माणूस सही करतो. तरी रक्त घेताना आईने हात मागे ओढला, 'नको' म्हणाली, तर ते 'नको' मोजलं गेलं पाहिजे. विसर पडतो म्हणून तिचा स्वतःच्या शरीरावरचा हक्क संपत नाही.

आपण काय मागायचं, काय करायचं

महापालिकेच्या प्रत्येक रुग्णालयात स्मृतीच्या तक्रारींसाठी आठवड्यातला एक ठरलेला दिवस हवा, आणि तो वस्तीतल्या प्रत्येक घराला माहीत हवा. तिथे निरक्षर माणसांसाठीची प्रश्नावली मराठीत वापरली जावी. बी-१२ आणि थायरॉइडची तपासणी तिथेच व्हावी, बाहेरची चिठ्ठी मिळू नये. ज्येष्ठांच्या आरोग्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून कागदावर आहे. तो नेरूळच्या दवाखान्यात कसा चालतो, हे विचारायला महिला मंडळांनी जावं.

संशोधन करणाऱ्या संस्थांकडे आपली मागणी अशी, की अभ्यासात वस्तीतली माणसं किती, अनुसूचित जातीतली किती, शाळेत न गेलेली किती, हे त्यांनी जाहीर करावं. आणि अभ्यास संपल्यावर निष्कर्ष घेऊन त्याच वस्तीत परत यावं, मराठीत सांगावं.

मुलांच्या बाबतीतही एक विनंती. बार्टीची अधिछात्रवृत्ती, परदेशी शिक्षणासाठीची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती यांच्या आधाराने आपली मुलं पीएच.डी.पर्यंत जातात. तिशी आली की घरचे म्हणतात, आता पुरे, नोकरी बघ. पोस्ट-डॉकचा टप्पा तिथेच सुटतो. नॉर्मल किती हे ज्या खोलीत ठरतं तिथे बसायला आपलं कोणी उरत नाही. ज्या घरात विज्ञान शिकणारी मुलगी आहे, त्या घराने तिला ती दोन-तीन वर्षं द्यावीत. समाजातल्या कमावत्या लोकांनी त्या घराला हातभार लावावा.

सुरुवात लहान करू. रविवारी विहारात वंदना झाली की अर्धा तास साठीच्या पुढच्या माणसांसाठी ठेवा. बीपीचं मशीन एक जण आणेल. कानाशी हळू बोलून ऐकू येतं का ते बघा. घरी कोणाला विसर पडतोय का, सांभाळणारी सून किती दिवस नीट झोपलेली नाही, ते विचारा आणि वहीत लिहून ठेवा. पुढे कोणी संशोधक रक्त मागायला आला, तर ती वही आणि वरचे सहा प्रश्न घेऊन त्याच्यासमोर बसा.